टाकीतलं पाणी रंगावरून ओळखा

विमान रात्रभर पावसात उघड्यावर उभं होतं? मग इंजिन सुरू करण्याआधी इंधन टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून (निचऱ्याच्या छोट्या झडपेतून) थोडं इंधन पारदर्शक कपात काढाच. पाणी जड, ते खाली बसतं आणि वेगळा थर दिसतो. पण अख्खा कप पाण्यानेच भरला तर थर दिसणार कुठून? नवखे इथेच फसतात. म्हणून रंग बघा: १०० एलएल अ‍ॅवगॅस (पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांचं पेट्रोल) निळं असतं, पाणी बिनरंगी. कप पांढऱ्या पंखासमोर धरा. आभाळासमोर धरला तर निळ्यात निळं काय कळणार! सेसना १७२ एस या छोट्या विमानाला असे १३ ड्रेन आहेत. कंटाळा येतो खरा, पण एकही सोडू नका. पाणी निघालं तर पंख हलवून, जरा थांबून पुन्हा नमुना घ्या. टाकीच्या झाकणाचं रबरी सीलही तपासा. पावसाचं पाणी बहुधा तिथूनच शिरतं.