ताडोबाला गर्दी टाळून कसं जायचं

ताडोबाला जायचं ठरलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, वाघ कधी दिसतो? उत्तर ठरलेलं, एप्रिल-मे. मग सगळेच एप्रिल-मेमध्ये जातात, तेही शनिवार-रविवार धरून. मी पण पहिल्यांदा तशीच गेले होते. मे मधला रविवार, सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीच्या लोखंडी दांड्याला हात लावला की चटका बसत होता, आणि एका पाणवठ्यावर वीसेक गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. वाघीण पाण्यात बसली होती. मला दिसला तिचा एक कान, तोही पुढच्या गाडीतल्या दोघांच्या मधून. मागच्या गाडीतलं लहान बाळ उन्हानं रडत होतं आणि कुणालाच मागे हटता येत नव्हतं. त्यानंतर बरेचदा गेले आणि आता माझं पक्कं मत झालंय की आधी महिना आणि वार ठरवायचा, वाघाचं नंतर बघायचं.

आधी महिना. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो, 1 ऑक्टोबरला उघडतो. ऑक्टोबरमध्ये जंगल हिरवंगार असतं पण गवत एवढं वाढलेलं की दहा फुटांवरचं जनावर दिसत नाही, शिवाय दिवाळीची सुट्टी मागोमाग येते. दिवाळी, नाताळ ते 1 जानेवारी, 26 जानेवारीला जोडून आलेला वीकेंड, हे दिवस सरळ सोडून द्या. मला विचाराल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य. बोर्डाच्या परीक्षा असतात, ज्यांच्या घरात दहावी-बारावी आहे ते हलत नाहीत, बाकीच्यांच्या शाळा चालू असतात. गवत वाळून बसलेलं असतं, छोटे नाले आटायला लागतात म्हणून जनावरं मोठ्या पाण्याकडे यायला सुरुवात होते, आणि पळस असा फुललेला असतो की सावरीच्या आणि पळसाच्या झाडांवर पक्ष्यांचा नुसता गोंधळ. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी टोपी लागते, दोन्ही न्या.

मुलांच्या शाळेमुळे उन्हाळाच जमत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे सुरू होतात पण मुंबई-पुण्याकडच्या जूनच्या मध्यालाच, त्यामुळे 15 जूननंतर तिकडची बरीचशी गर्दी ओसरते. तुम्हाला दोन-तीन दिवस शाळा बुडवायला चालणार असेल तर तोच काळ घ्या. पाऊस आला तर सफारी भिजत होईल, एवढी तयारी ठेवायची.

मग वार. ताडोबाचं कोअर मंगळवारी बंद असतं आणि आपलं प्लॅनिंग इथूनच सुरू करायचं. मंगळवार प्रवासात घालवा, नागपूरला उतरून किंवा रेल्वेनं थेट चंद्रपूरला येऊन संध्याकाळपर्यंत मुक्कामी पोचा. बुधवारी सकाळ, बुधवारी दुपार, गुरुवारी सकाळ अशा तीन सफाऱ्या करा आणि गुरुवारी दुपारी निघा. शुक्रवारी संध्याकाळपासून वीकेंडवाल्यांच्या गाड्या यायला लागतात तेव्हा तुम्ही घरी असता. शिवाय कोअरचे दर वीकेंडला जास्त असतात, म्हणजे अधल्यामधल्या वारी गेलात तर पैसे पण वाचतात.

आता गेट, आणि इथे बहुतेक लोक चुकतात. सगळ्यांना मोहर्लीच पाहिजे असतं, कारण ते चंद्रपूरहून जवळ, राहायची सोय भरपूर आणि नाव ऐकलेलं. नागपूरकडून येणाऱ्यांना चिमूरच्या बाजूचं कोलारा सोयीचं, तिथेही मागणी असतेच. पण झरी आणि पांगडी ही कोळसा नावाच्या वनक्षेत्राकडची गेटं आहेत, तिकडे गाड्या कमी, बांबू दाट, शांतता खूप. वाघ दिसायचा चान्स थोडा कमी हे मी स्पष्ट सांगते. माझी पद्धत अशी की तीनातली एक सफारी मोहर्ली किंवा कोलाऱ्याची, एक कोळशाकडची आणि एक बफरची, म्हणजे कोअरच्या भोवतालच्या जंगलातली. जुनोना, आगरझरी, देवाडा, मदनापूर हे बफरमधले गेट, वाघ काही कोअर-बफरची हद्द बघून चालत नाही, बफरमध्येही चांगलं दिसतं. पावसाळ्यात कोअर बंद असताना बफरचे काही गेट चालू असतात, पाऊसपाण्यावर अवलंबून, तेव्हाची शांतता वेगळीच.

बुकिंग अधिकृत वेबसाइटवरूनच करा. प्रत्येक गेटला प्रत्येक शिफ्टमध्ये ठरावीक गाड्या सोडतात, एका जिप्सीत सहा पर्यटक. तारखा पक्क्या झाल्या की लगेच बुक करा, आणि ज्या ओळखपत्राचा नंबर टाकलाय तेच ओरिजिनल बरोबर न्या.

आत गेल्यावरही गर्दी टाळता येते, हे कुणी सांगत नाही. गेट उघडलं की सगळ्या गाड्या काल जिथे वाघ दिसला तिकडेच पळतात. निघायच्या आधीच गाइडला सांगा, "दादा, आम्हाला वाघामागे पळायचं नाही, गाड्या जिकडे कमी तिकडे न्या." बहुतेक गाइडना हे ऐकून बरं वाटतं, ते आजूबाजूच्या गावातलेच असतात, त्यांना दाखवायला खूप काही असतं. मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जुने दगडी खांब आहेत, गोंड राजांच्या काळातले मानतात, निरोप पोचवायला त्यातून दोर ओवून घंटा बांधत असं सांगतात. घाईत कुणी तिथे थांबतच नाही.

एका गुरुवारी सकाळी आमची एकटीच गाडी एका वळणावर उभी होती. इंजिन बंद. सांबर ओरडलं, म्हणजे वाघ जवळपास असू शकतो, गाइड म्हणाला, "ताई, पाच मिनिटं थांबू." पाचाची वीस झाली. वाघ आला नाही, अस्वल आलं, वारुळाला तोंड लावून आत फुंकायचं आणि मग जोरात ओढायचं, तो आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा आम्हाला स्पष्ट ऐकू येत होता. पाठीवरच्या केसांत लाल माती. दुसरी एखादी गाडी मागून आली असती तर ते तेव्हाच निघून गेलं असतं.

गर्दीचा त्रास आपल्याला होतो तो वेगळा, जनावरांना जास्त होतो. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये अडकले होते, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. तारीख बघा, वर्षाचा शेवटचा दिवस. म्हणून कुठेही चार-पाचच्या वर गाड्या थांबलेल्या दिसल्या तर ड्रायव्हरला पुढे न्यायला सांगा, आणि जनावर रस्ता ओलांडत असेल तर आपली गाडी बरीच मागे, इंजिन बंद करून उभी ठेवायला सांगा. ते ओलांडून जाईपर्यंत पुढे घ्यायची नाही, मागून कितीही हॉर्न वाजला तरी.