जुन्या पिकअपचे पाटे: उंची वाढवण्याआधी हे बघा

उजनीच्या पाणलोटाकडे तंबू घेऊन जायचं म्हटलं की जुन्या पिकअपवाल्याला पहिलं सुचतं ते मागच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा, म्हणजे पोलादी पट्टी, वाढवणं. थांबा. ही गाडी मुळात टनभर माल वाहायला बांधलेली. तंबू, पाण्याचे कॅन, शेगडी आणि चार माणसं म्हणजे तिला जवळपास रिकामंच. पाटा वाढवला तर स्प्रिंग कडक होऊन ती आणखी उडेल.

आधी सामान भरून वजनकाट्यावर घाला. मग गाडीखाली शिरून बघा: शॅकलचे (पाट्याचं टोक सांगाड्याला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश फाटलेत का, शॉकअप तेल गाळतोय का. निम्मा खडखडाट इथेच संपतो. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळले तर बुश पिळवटून लवकर फाटतो. पाटे खोललेच, तर ते अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच टाका आणि थोडं फिरवून पुन्हा आवळा.

उंची वाढवायचीच असेल तर मागच्या ब्रेककडे लक्ष द्या. बऱ्याच पिकअपना मागच्या अॅक्सलला जोडलेला भारानुसार चालणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. म्हणून त्याची दांडी नव्याने जुळवून घ्या, ब्रेकचा होज म्हणजे रबरी नळीही ताणली जात नाही ना बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं (गाडीत बदल करण्याबाबतचं) भान असू द्या, आरटीओत आधी विचारा.

आणि पावसात काळ्या रानात शिरूच नका. तिथे कुठलाच पाटा कामाचा नाही, ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.