पसारा न मांडता घरचा आकाशकंदील: पाच बैठकांत

घरी कंदील करायचा बेत फसतो तो बहुतेक वेळा जागेपायी, आणि खापर फुटतं वेळेवर. रविवारी सकाळी हॉलभर कागद-काड्या पसरतात, दुपारी त्याच जागी ताटं मांडायची असतात, पसारा गुंडाळून माळ्यावर जातो आणि दिवाळीपर्यंत तिथेच राहतो. ठाण्यातल्या किंवा ऐरोली-नेरुळच्या वन बीएचकेत दुसरं काय होणार? म्हणून काम असं तोडायचं की प्रत्येक बैठकीनंतर उरेल ते सपाट असेल, गादीखाली किंवा कपाटामागे सरकेल. कंदिलाला त्याची स्वतःची जागा फक्त शेवटच्या दोन-तीन दिवसांत लागते.

मुहूर्त कोजागरीचा धरा. तिथून वसुबारसेपर्यंत साधारण बारा दिवस मिळतात आणि आपल्याला हव्यात पाच बैठका, रात्री जेवणं उरकल्यावर पाऊण-पाऊण तासाच्या. लोकलने साडेआठला घरी पोचणाऱ्यालाही हे जमतं.

सामान

मीटरभर लांबीच्या बांबूच्या आठ कामट्या घ्या. सूप-टोपल्या विकणाऱ्या बुरुडाकडे त्या मिळतात. ठाण्यात दिवाळीआधी जांभळी नाक्याच्या बाजारात एक फेरी मारली की कागदाचंही काम होतं. कामटी बोटाने वाकवून बघा: कमानीसारखी वाकून सरळ झाली तर चांगली, कडकडली तर फार वाळलेली. जाडी 4-5 मिलिमीटर पुरे.

पतंगी कागदाचे तीन ताव, 50 बाय 75 सेंटीमीटरचे. ताव लहानमोठे येतात, दुकानातच मोजून घ्या, कारण पुढचं सगळं माप त्यावर बसवलेलं आहे. जिलेटिन कागद चमकतो छान, पण त्यावर मैद्याची खळ धरत नाही. याशिवाय सुती जाड दोरा (नायलॉनचा नको, गाठ सरकते), सोनेरी कागद, बल्बचा होल्डर, वायर आणि 5 वॅटचा एलईडी बल्ब.

पहिली बैठक: काड्या

24 सेंटीमीटरच्या 24 काड्या कापा. मीटरच्या कामटीतून चार निघतात, म्हणजे सहा कामट्या संपल्या. सातवीतून 33 सेंटीमीटरच्या दोन काड्या काढा; आठवी मोडतोडीसाठी. कापणं आणि तासणं मोठ्यांनी करायचं. पॉलिश कागदाने कडा घासायचं काम मुलांना द्या, नाहीतर पुढच्या बैठकीत कुसळं काढत बसाल. प्रत्येक छोट्या काडीला दोन्ही टोकांपासून 1 सेंटीमीटरवर पेनाने खूण करा. दोन खुणांमधलं 22 सेंटीमीटर हेच खरं माप. बाहेरची टोकं गाठीसाठी.

दुसरी बैठक: सहा चौकोन

वर्तमानपत्रावर 22 सेंटीमीटरचा चौकोन आखा. त्यावर चार काड्या खुणेवर खूण येईल अशा ठेवून कोपरे बांधा: तीन वेढे फुलीसारखे, मग दोन काड्यांच्या मधून दोन आवळवेढे आणि गाठ. गाठीवर खळीचं (कृती पाचव्या बैठकीत) बोट फिरवलं की ती सुटत नाही. असे सहा चौकोन करा. प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा. 31 सेंटीमीटरच्या आसपास आणि एकमेकांसारखे आले पाहिजेत. अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे चालेल. दोन सेंटीमीटरचा फरक मात्र कागद लावताना सुरकुती होऊन दिसतो, आणि तेव्हा उपाय नसतो. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांचं. दोऱ्याला नेमका किती ताण द्यायचा हे त्यांच्या बोटांना ठाऊक असतं.

सहाही चौकोन एकावर एक ठेवून गादीखाली.

तिसरी बैठक: कागद

एका रंगाच्या तावातून 25 सेंटीमीटरचे सहा चौकोन बरोबर निघतात. लागतात चार, दोन फाटण्यासाठी राखीव. दुसऱ्या रंगाच्या तावाच्या 24 सेंटीमीटर रुंदीच्या दोन लांब पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीतून 27 सेंटीमीटर बाजूचे चार त्रिकोण, एक सुलटा एक उलटा असे कापा. मिळून आठ. तिसऱ्या तावातून अडीच सेंटीमीटर रुंद, 50 सेंटीमीटर लांब झिरमिळ्या. लहान मुलांना हे कापू द्या, थोड्या वाकड्या झाल्या तरी वाऱ्यावर कुणाला कळत नाही.

रंगाबद्दल एकच सांगायचं तर गडद लाल, जांभळा दिवसा देखणा, पण रात्री उजेड गिळतो. पिवळा, केशरी, पोपटी यांतून प्रकाश छान येतो. पिवळ्या-केशरीला पिवळसर प्रकाशाचा बल्ब, निळ्या-हिरव्याला पांढरा.

चौथी बैठक: उभारणी

इथे टीव्ही बंद. या कामाला दोन हात पुरत नाहीत, चारही कमीच पडतात, आणि घरी कंदील करण्याची मजा खरी इथेच आहे.

चार चौकोन कोपऱ्यावर उभे करा, पतंगासारखे. शेजारशेजारचे आडवे कोपरे एकमेकांना बांधत गोल पूर्ण करा. एकाने धरायचं, एकाने बांधायचं. आता वर चार टोकं आणि खाली चार टोकं दिसतील. पाचवा चौकोन वरच्या चार टोकांवर आडवा ठेवून चारही कोपरे बांधा, सहावा खाली. चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात.

एवढं झाल्यावर सांगाडा डुगडुगतो, वरून दाबला तर पिळवटून खाली बसतो. घाबरू नका, बांधणी चुकलेली नाही. त्रिकोण आपला आकार धरून राहतो, चौकोन राहत नाही, आणि इथे सहा चौकोन आहेत. वरच्या चौकोनात 33 सेंटीमीटरच्या दोन काड्या कर्णावर फुलीत बांधा. बाकीच्या पाचांत आतल्या बाजूने पातळ दोऱ्याची फुली ताणा. दोरा फक्त ओढतो, रेटत नाही, म्हणून दोन्ही कर्णांवर हवा. आता दाबून बघा. 31 सेंटीमीटर उंच, 44 सेंटीमीटर रुंद असा हा सांगाडा कपाटावर मावतो.

पाचवी बैठक: खळ आणि चिकटवणं

चार मोठे चमचे मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळी न होता कालवा. एक कप पाण्याला उकळी आली की त्यात ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं ढवळा. पांढरट रंग जाऊन खळ काचेसारखी झाली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. ते विषारी असतं, मुलांचे हात खळीत असताना नकोच. उरलेली खळ फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते.

खळ कागदाला न लावता काडीला लावा. आधी उभे चौकोन: एक लावला की दुसरा त्याच्या समोरचा. कागद वाळताना आकसतो, एकाच बाजूने लावत गेलात तर सांगाडा तिकडे ओढला जातो. कडा काडीवरून आत दुमडा, कोपऱ्यांना कात्रीने छेद द्या. मग त्रिकोण, वरून. जोडांवर 2 सेंटीमीटर रुंदीची सोनेरी पट्टी, खालच्या चौकोनाच्या काड्यांना झिरमिळ्या. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवा. वरून उष्णता जाते, खालून बल्ब बदलता येतो. काड्यांची बाहेर आलेली टोकं कागद लावायच्या आधीच कापा.

एसी लावून चिकटवू नका. कोरड्या हवेत ताणून लावलेला कागद खाडीवरच्या दमट हवेत बाहेर गेला की सैल पडतो. खिडक्या उघड्या ठेवून, फार न ताणता लावलेला टिकतो.

टांगणं

वरच्या चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधून त्या एकत्र करा, कंदिलाचं वजन त्यांच्यावर. वायरवर वजन कधीही नाही. होल्डर वरच्या फुलीतून सोडून बल्ब मधोमध येईल असा बांधा. वायरला मधे जोड नको. पणती आत ठेवायचा मोह टाळा. घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये वारा कंदील गरागरा फिरवतो आणि वायर पिळते, तिथे खालच्या एका कोपऱ्यातून ग्रिलला दोरा बांधा आणि झिरमिळ्या 30 सेंटीमीटरच ठेवा. परतीच्या पावसाचं लक्षण दिसलं की आत घ्या. पतंगी कागदाचा रंग एका सरीत भिंतीवर उतरतो.

तुळशीच्या लग्नानंतर ओल्या फडक्याने कागद सोडवा. ताणलेले दोरे आणि वरच्या-खालच्या चौकोनांच्या आठ गाठी सोडल्या की मधला गोल दुमडून सपाट होतो. कोणता कोपरा कुठे बांधला होता ते पेनाने लिहून ठेवा आणि सगळं कपाटामागे सरकवा. पुढच्या कोजागरीला पहिल्या दोन बैठका वाचतील.