माशांच्या टाकीतलं पाणी हिरवं झालंय? चार दिवस अंधार करा

वनस्पती लावलेल्या टाकीचं पाणी मुगाच्या कढणासारखं हिरवं दिसू लागलं की पहिला हात पाणी बदलण्याकडे जातो. पण नुसतं पाणी बदलून हे जात नाही. हा हिरवेपणा म्हणजे शेवाळ. ते एकपेशीय असतं, पाण्यातच तरंगतं, आणि इतकं बारीक असतं की फिल्टरच्या साध्या स्पंजमधून सहज निसटतं. उरलेल्या पेशी दोन-तीन दिवसांत पुन्हा तेवढ्याच वाढतात.

त्यांचा उजेड तोडा. आधी निम्मं पाणी बदला (नळाचं असेल तर क्लोरीन काढूनच), दिवा बंद करा आणि टाकी जाड चादरीने चारही बाजूंनी झाका. फट राहू देऊ नका. डोकावून बघायचा मोहही टाळा. वनस्पतींसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) सोडत असाल तर तो बंद. फिल्टर मात्र चालूच हवा, आणि एअर पंप तर हवाच, कारण अंधारात वनस्पती ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात, आणि मरणारं शेवाळही तो खातं. मासे चार दिवस उपाशी सहज राहतात.

चादर काढल्यावर लगेच पुन्हा निम्मं पाणी बदला, फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळा. दिवा रोज सहा तासच ठेवा. टाकी खिडकीच्या उन्हात असेल तर हलवा, नाहीतर महिन्याभरात हिरवळ परत येते. तरीही आलीच, तर यूव्ही दिवा (फिरत्या पाण्यावर अतिनील किरण टाकून शेवाळ मारणारा, माशांसाठीच्या टाकीचा बंदिस्त दिवा) लावा. तो साधारण आठवड्यात पाणी नितळ करतो.