औशातून अंतराळ स्थानकाला पॅकेट कसं पाठवायचं

"मोबाइलवरून लोकेशन जातंय की, काका. मग रेडिओवरून पॅकेट सोडायचा हा खटाटोप कशाला?" दुकानात माझ्या हाताखाली मोटर वाइंडिंग शिकणारा पुतण्या आठवड्यातून एकदा तरी हे विचारतोच. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होतो. बाहेरगावच्या हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणाऱ्या मंडळींनी त्या दिवसांत वायरलेसवर निरोप पोचवले, हे मला फार उशिरा कळलं. पोराला मी एवढंच म्हणतो, टॉवर बंद पडला की मग विचार.

एपीआरएस म्हणजे तुमची जागा किंवा छोटा निरोप गठ्ठा (पॅकेट) बांधून रेडिओवर सोडणं. वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट), सूर दोनच, १२०० आणि २२०० हर्ट्झचे. कानाला फॅक्ससारखी खर्र ऐकू येते आणि सेकंदाच्या आत संपते. ही पद्धत अमेरिकेच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केली. २०२२ साली ते गेले. 'हे गाड्यांचा माग काढायचं यंत्र नव्हे' असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. माझंही मत तेच. नकाशावर ठिपका उमटवून काय मिळतं? खरं काम निरोपाचं आहे.

परवाना आधी. परीक्षा, अर्ज, व्हीयू२ किंवा व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (रेडिओवरचं आपलं नाव), हे सगळं हातात येईपर्यंत पीटीटीला, म्हणजे पाठवायच्या बटणाला, बोट लावायचं नाही. परवान्यावर कोणत्या प्रकारचं प्रक्षेपण चालतं तेही वाचून घ्या.

मोठ्या शहरांत उंच जागी डिजिपीटर असतो. तो तुमचं पॅकेट ऐकून पुढं ढकलतो. औशात माझ्या हॅंडीला (हातातल्या रेडिओला) असा एकही ऐकू येत नाही. मग उरतो तो डोक्यावरचा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक चारेकशे किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं आणि त्याच्यावर १४५.८२५ मेगाहर्ट्झला डिजिपीटर आहे. तिथून त्याला चहूकडं सुमारे २२०० किलोमीटर दिसतं. म्हणजे ते नागपूरवर असलं तरी आमच्या माळवदावरून गाठता येतं. मात्र एक पाहून घ्या: त्याच रेडिओवर कधी आवाजाचा रिपीटर चालू करतात, तर अंतराळवीर बाहेर पडणार असतील किंवा यान जोडायचं असेल तेव्हा सगळंच बंद ठेवतात. मी हे न पाहता तीन रात्री थंडीत कुडकुडत बसलो होतो.

अँटेना घरी करा. मी जाड वाइंडिंगची तार वापरली, कारण ती दुकानात पडलेलीच होती. एक तुकडा उभा, चार खाली तिरपे, प्रत्येक सुमारे ४९ सेंटिमीटर, मधे केबल जोडायला एसओ-२३९ सॉकेट. तारेवरचं इनॅमल टोकाला नीट खरवडा. आयुष्यभर तार खरवडून पोट भरणारा माणूस, पण इथं एक टोक तसंच राहिलं. वरून सोल्डरचा डाग चकचकीत दिसत होता. ओढून पाहिलं तर तार हातात आली. रेडिओपर्यंतची कोॲक्स केबल जमेल तितकी आखूड ठेवा.

रेडिओ साधी पाच वॅटची हॅंडी चालते, पण तिच्या मेन्यूत आधी तीन गोष्टी बंद करा: बॅटरी सेव्हर, ड्युअल वॉच (दोन चॅनेल आळीपाळीनं ऐकणं) आणि सीटीसीएसएस (ठरावीक सूर असेल तरच आवाज सोडणारी सोय). बॅटरी सेव्हर रेडिओला डुलक्या घ्यायला लावतो आणि पॅकेटचं तोंडच कापलं जातं. एक बिट जरी चुकला तरी अख्खं पॅकेट केराच्या टोपलीत, अर्धवट काही दिसत नाही. स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबणारी सोय, पूर्ण उघडा. खरखर सहन करायची सवय होते. घरच्यांना होत नाही.

पॅकेट उलगडायला लॅपटॉपवर डायरवुल्फ किंवा फोनवर एपीआरएसड्रॉइड हे सॉफ्टवेअर घ्या. डायरवुल्फ प्रत्येक पॅकेटची आवाजाची पातळी दाखवतो. ती ५० च्या आसपास येईल इतका व्हॉल्यूम ठेवा. पाठवताना आवाज कमीच बरा, नाहीतर सूर फाटतात. सुरुवातीला मी व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप ट्रान्समिट होण्याच्या सोयीवर, काम भागवलं आणि फसलो. आवाज थांबला तरी व्हॉक्स काही क्षण रेडिओ ट्रान्समिटवरच धरून ठेवतो. स्थानक तर लगेच उत्तर देतं, आणि नेमकं तेव्हाच आपला कान बंद. शेवटी एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर लावून लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी-सिरियल केबलच्या आरटीएस या नियंत्रण लाइनवर पीटीटी काढला. पॅकेटआधीचा टीएक्स-डिले ३०० मिलिसेकंद ठेवला की हॅंडीला जागं व्हायला वेळ मिळतो. पाथमध्ये, म्हणजे पॅकेट कुणामार्फत जावं ते सांगणाऱ्या रकान्यात, फक्त एआरआयएसएस (ARISS) लिहा.

आता जागा भरताना होणारी चूक. फोन औसा दाखवतो १८.२५ उत्तर, ७६.५० पूर्व. मी सरळ १८२५.०० आणि ७६५०.०० भरलं. नकाशावर माझं घर चाळीस किलोमीटर ईशान्येला, चाकूरच्या बाजूला जाऊन बसलं. पुतण्या म्हणाला, "काका, तिकडं प्लॉट कधी घेतला?" एपीआरएसला अंश आणि मिनिटं लागतात, फोन देतो दशांश अंश. दशांशाला ६० ने गुणा: ०.२५ चे १५ मिनिट, ०.५० चे ३०. म्हणून अक्षांश १८१५.००, आणि रेखांशाला पुढं शून्य लावून ०७६३०.००. मिनिटाचा शंभरावा भाग म्हणजे साधारण १८ मीटर; माळवद सापडायला तेवढं पुरे. कॉलसाइनला आकड्याचं शेपूटही लागतं: घराला काहीच नाही, हॅंडीला ७, गाडीला ९.

निरोपाला ६७ अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीच्या नादी लागू नका. एकेक खूण तीन बाइट खाते, आणि समोरच्याच्या रेडिओवर चौकोन उमटले तर बोलणंच खुंटलं. रोमनमध्ये 'जेवलात का' लिहिलं की नऊ-दहा अक्षरांत काम होतं. समोरच्याच्या यंत्राकडून 'ॲक' (पोच) आला की निरोप पोचला. तो आला नाही तर सॉफ्टवेअर आपोआप पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. ती सोय स्थानकासाठी बंद करा. पास, म्हणजे स्थानकाची आपल्या आकाशातून एक फेरी, जास्तीत जास्त दहा मिनिटांचा, वर कान एक, आणि खाली मस्कतपासून बँकॉकपर्यंतचे सगळे एकदम बोलणार. मी एका पासमध्ये चार-पाच वेळाच हातानं पाठवतो.

पहिला जमलेला पास नैर्ऋत्येकडून वर आला. पहिली दोन मिनिटं नुसती फुसफुस. मग एक खर्र, आणि पडद्यावर कुणा अनोळखी कॉलसाइनची ओळ. स्थानक ऐकू येतंय हे कळल्यावरच मी बटण दाबलं. तुम्हीही तसंच करा, आधी ऐका. माझं पॅकेट गेलं, सेकंदभर काही नाही. मग माझाच कॉलसाइन पडद्यावर आला, आणि त्याच ओळीत पुढं स्थानकाचं नाव आरएस०आयएसएस, त्याला चिकटून एक छोटी चांदणी. चांदणी म्हणजे वरच्या रेडिओनं ते ऐकून पुन्हा पाठवलं. पुतण्यानं पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे वरून आलं?" मी काही बोललो नाही; हातातली अँटेना हलली असती.

जमलेल्या पॅकेटची नोंद वहीत यूटीसीत (जागतिक वेळेत) करा, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. मध्यरात्रीनंतरचा पास असेल तर तारीखही आदल्या दिवसाची होते. माझ्या वहीतल्या पहिल्या चार नोंदी त्यापायी एक दिवस पुढच्या आहेत, अजून खोडायच्या राहिल्यात.