मेनफ्रेम लॅनला जोडण्याचा खर्च कसा टळला

आमच्या कार्यालयात मेनफ्रेमवर (अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) काम करणाऱ्या प्रत्येक पीसीत दोन कार्डे असत: एक इथरनेटचे, म्हणजे कार्यालयातल्या स्थानिक जाळ्याचे (लॅनचे), आणि दुसरे ३२७० टर्मिनलची (मेनफ्रेम वापरण्याच्या आयबीएमच्या पडदा-कळफलक यंत्राची) भूमिका बजावणारे, ज्याची ९३ ओहमची कोॲक्स केबल थेट क्लस्टर कंट्रोलरपर्यंत (अनेक टर्मिनले मेनफ्रेमला जोडणाऱ्या यंत्रापर्यंत) गेलेली असे. कार्ड, केबल, कंट्रोलरवरील पोर्ट आणि देखभाल हा सगळा खर्च माणशी वाढत जाई. पुरवठादाराने सुचवलेला उपाय म्हणजे वेगळा गेटवे (लॅन आणि मेनफ्रेम यांना जोडणारा दुवा) आणि प्रत्येक वापरकर्त्यामागे परवाना. थोडक्यात, आगीतून फुफाट्यात.

खरेदीला मंजुरी मिळण्यापूर्वी मी मेनफ्रेमचे कॉन्फिगरेशन तपासले, तेव्हा त्यात ओएसए (मेनफ्रेमला थेट लॅनशी जोडणारे) नेटवर्क कार्ड आधीच बसवलेले असून त्यावरील एक पोर्ट मोकळे असल्याचे आढळले. त्या पोर्टवर टीसीपी/आयपी सुरू करून टीएन३२७० सर्व्हर (३२७० ची सत्रे साध्या नेटवर्कवरून चालवणारी सेवा) कार्यान्वित केला आणि पीसींवर मोफत एम्युलेटर (टर्मिनलची नक्कल करणारे सॉफ्टवेअर) बसवले. जुनी कार्डे त्यानंतर निरुपयोगी ठरली.

खरा वेळ गेला तो किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींत. चौकटी कंस पडद्यावर भलत्याच चिन्हांच्या रूपात उमटत, कारण एम्युलेटर एब्सिडिकचे (मेनफ्रेमवरील अक्षर-संकेतप्रणालीचे) ०३७ कोडपेज (कोणत्या संकेताला कोणते चिन्ह, हे ठरवणारा तक्ता) धरून चालला होता, तर आमच्या फाइली १०४७ मध्ये होत्या. ती सेटिंग बदलताच कंस जागेवर आले. प्रिंटरसाठी मात्र साधा टीएन३२७० पुरेना. १९९८ च्या आरएफसी २३५५ (इंटरनेट मानकांच्या मालिकेतील एक दस्तऐवज) मधील टीएन३२७०ई ही सुधारित आवृत्ती वापरून प्रत्येक प्रिंटरला ठरावीक एलयू नाव (मेनफ्रेम ज्या नावाने उपकरण ओळखतो ते) द्यावे लागले. कूटबद्धीकरण नसल्यामुळे ही जोडणी आम्ही अंतर्गत जाळ्यापुरतीच मर्यादित ठेवली.