कार्बन सिरॅमिक ब्रेकचे पॅड निवडताना या चुका टाळा

सगळ्यात महागडी चूक दुकानातच होते. खोक्यावर ‘सिरॅमिक’ छापलंय म्हणून पॅड उचलले जातात. बाजारात मिळणारे ते सिरॅमिक पॅड बहुतेक बिडाच्या डिस्कसाठी असतात. तुमची डिस्क कार्बन तंतू आणि सिलिकॉन कार्बाइडची आहे. तिच्यावर भलताच पॅड घासला तर डिस्क खराब होते, आणि त्या खर्चापुढे पॅडची किंमत काहीच नाही. पॅड बनवणाऱ्याने ‘कार्बन सिरॅमिक डिस्कसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर घेऊच नका.

रोजच्या रस्त्याला कंपनीचेच पॅड ठेवा. रेस ट्रॅकचे पॅड शहरात पुरेसे तापत नाहीत, नुसते करकरतात. पावसात किंवा गाडी धुतल्यावर पहिला ब्रेक जरा कमी लागला तर घाबरू नका. डिस्क ओली असते. दोनदा हलके दाबून ती वाळवा.

ट्रॅकचं गणित वेगळं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या रेस ट्रॅकवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरच्या वर सरळ पट्टा आहे आणि चौथ्या वळणाला कडक ब्रेक मारावा लागतो. लॅपमागून लॅप हेच झालं की डिस्क इतकी तापते की तिच्यातला कार्बन हवेशी संयोग होऊन जळू लागतो. जाडी जवळपास तेवढीच राहते, वजन घटतं. म्हणून पोर्शच्या पीसीसीबी, म्हणजे त्यांच्या कार्बन सिरॅमिक ब्रेकच्या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं. नुसती जाडी मोजून ‘डिस्क चांगली आहे’ सांगणाऱ्या मेकॅनिकवर विसंबू नका, काट्यावर ठेवायला लावा. ट्रॅकला जायचं तर पॅजिड या ब्रेक पॅड कंपनीच्या आरएससी पॅडसारखे, याच डिस्कसाठी बनवलेले पॅड बघा.

काही लॅपनंतर पेडल स्पंजसारखं मऊ लागलं तर बहुधा ब्रेक ऑइल उकळलंय. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापलाय. दोन्ही वेळी लगेच वेग कमी करून पिटमध्ये या. पातळ झालेला पॅड उष्णता कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापर्यंत) जाऊ देतो, त्यामुळे अर्धे झिजलेले पॅड ट्रॅकवर नेऊच नका, रस्त्यावर ते अजून चालतील.

पॅड बदलताना चाक उतरवावंच लागतं. परत चढवताना अलॉय चाकाचा धक्का डिस्कच्या कडेला बसला तर टवका उडतो. हबला (चाक जिथे बसतं त्या भागाला) गाइड पिन, म्हणजे चाक सरळ सरकवायला मदत करणारी लांब पिन, लावूनच चाक सरकवा.